बंदूक तयार होती, काडतूस तयार नव्हतं

प्रश्न असा आहे: अमेरिकी सैन्याने १८१९ सालीच मागून भरायची रायफल स्वीकारली होती, तर ४२ वर्षांनी उत्तर आणि दक्षिणेच्या राज्यांत सुरू झालेल्या गृहयुद्धात लाखो सैनिक ठासणीच्या बंदुका घेऊन का लढले? ती जॉन हॉलची रायफल फसली होती, की अधिकारीच मठ्ठ होते?

दोन्ही उत्तरं सर्रास दिली जातात आणि दोन्ही अर्धवट आहेत. माझी नोकरी ऑर्डनन्सच्या, म्हणजे शस्त्रास्त्रांच्या, तपासणी खात्यात, गेज (माप पडताळायचं साधन) आणि मायक्रोमीटर हातात घेऊन गेली. त्यामुळे या गोष्टीकडे मी सेनापतीच्या नाही, फिटरच्या नजरेने बघतो. त्या नजरेने बघितलं तर सगळा इतिहास एका फटीचा आहे. नळी आणि तिच्या मागचा ठोकळा यांच्यात राहणाऱ्या, कागदाच्या जाडीच्या फटीचा.

आधी मुळातली अडचण. ठासणीच्या बंदुकीत तोंडातून दारू ओतायची, वर गोळी टाकायची आणि गजाने ठासायची. नळी आतून गुळगुळीत असेल तर हे झटपट होतं, पण गोळी नळीत खडखडत जाते आणि ७०-८० पावलांपलीकडे कुठे जाईल ते देवाला ठाऊक. नळीत वळणदार खाचा पाडल्या, म्हणजे रायफल केली, तर गोळी फिरत जाते आणि नेम साधतो. पण त्या खाचा पकडण्यासाठी गोळी घट्ट बसायला हवी, आणि घट्ट गोळी तोंडापासून तळापर्यंत ठासत न्यायला वेळ आणि मनगट दोन्ही लागतं. शिवाय हे काम उभ्याने किंवा निदान गुडघ्यावर बसून करावं लागतं. शत्रू समोर असताना. तेव्हा नळी मागून उघडता आली तर किती बरं, हे अनेकांना सुचलं होतं. करून दाखवणं अवघड होतं.

अमेरिकेच्या भूमीवर अशी लष्करी रायफल पहिल्यांदा लढाईत उतरली ती शत्रूच्या हातात. पॅट्रिक फर्ग्युसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने चापाखालची कमान एक फेरा फिरवली की उभा मळसूत्री खुंट खाली उतरून नळीचं मागचं तोंड उघडेल अशी रचना केली होती. ११ सप्टेंबर १७७७ ला ब्रँडीवाइनच्या लढाईत त्याची छोटी तुकडी ही रायफल घेऊन लढली. स्वतः फर्ग्युसनचा कोपर तिथे फुटला. तशा बंदुका बनल्या होत्या जेमतेम शंभर. तीन वर्षांनी किंग्ज माउंटनच्या लढाईत तो मारला गेला आणि ब्रिटिशांनी विषय सोडून दिला. बंदूक सुंदर होती, पण त्या काळच्या लोहाराला कानशीने असे मळसूत्री खुंट हजारांनी करणं शक्यच नव्हतं. हा मुद्दा ध्यानात ठेवा, कारण जॉन हॉलचं खरं मोठेपण इथेच आहे.

जॉन हॅनकॉक हॉल हा मेन प्रांतातल्या पोर्टलंडचा. २१ मे १८११ ला त्याला पेटंट मिळालं, पण एकट्याला नाही. वॉशिंग्टनमध्ये पेटंट खात्याचा प्रमुख होता विल्यम थॉर्नटन, ज्याने अमेरिकी संसदभवनाचा आराखडा काढला तोच. तो म्हणाला, ही कल्पना मला आधीच सुचली होती. हॉलला निमूटपणे पेटंटावर त्याचंही नाव घ्यावं लागलं. ज्याच्या टेबलावरून अर्ज पुढे सरकायचा त्यानेच वाटा मागायचा, हा प्रकार वाचून आपल्याकडच्या कुणाला फारसं नवल वाटू नये.

हॉलची रचना अशी. नळीच्या मागे एक लोखंडी ठोकळा, मागच्या टोकाला खिळीवर फिरणारा. खालची कळ दाबली की ठोकळ्याचं पुढचं टोक वर उचललं जातं. दारू-गोळी राहण्याची जागा या ठोकळ्यातच आहे. तिच्यात वरून दारू ओतायची, गोळी ठेवायची, ठोकळा खाली दाबायचा, की तो नळीच्या सरळ रेषेत येऊन अडकतो. चकमक, घोडा, चाप हे सगळं त्याच ठोकळ्यावर बसवलेलं. घोडा बरोबर मध्यावर आल्यामुळे नेम धरायची माशी आणि खाच दोन्ही थोडी डावीकडे सरकवावी लागली. गोळी अर्ध्या इंचाहून किंचित मोठी, नळीत १६ खाचा, नळीची लांबी साधारण साडेबत्तीस इंच.

सैन्याने ती लगेच उचलली नाही. १८१६ मध्ये १०० रायफलींची मागणी आली, त्या १८१७ मध्ये दिल्या गेल्या. मग चाचण्या झाल्या आणि मार्च १८१९ मध्ये १,००० रायफलींचा करार. अट अशी की हॉलने स्वतः पोटोमॅक आणि शेननडोआ या नद्यांच्या संगमावरच्या हार्पर्स फेरी इथल्या सरकारी कारखान्यात येऊन त्या बनवायच्या. महिना ६० डॉलर पगार आणि प्रत्येक रायफलीमागे १ डॉलर. कोणत्याही देशाच्या सैन्याने लक्षणीय संख्येने रीतसर स्वीकारलेली ही पहिली मागून भरायची रायफल.

ती चालायची का? उत्तम चालायची. त्या काळातल्या एका चाचणीचे आकडे बोलके आहेत. ३८ माणसं, १०० यार्डांवर लक्ष्य, १० मिनिटं, ज्याने त्याने आपल्या वेगाने बार काढायचे. साध्या मस्केटने, म्हणजे गुळगुळीत नळीच्या ठासणीच्या बंदुकीने, ८४५ बार निघाले, त्यातले शेकडा २५ लागले. ठासणीच्या रायफलीने फक्त ४९४ बार, पण शेकडा ३३ लागले. हॉलच्या रायफलीने १,१९८ बार आणि शेकडा ३६ लागले. म्हणजे मस्केटपेक्षा वेग जास्त आणि रायफलीपेक्षा नेमही किंचित सरस. कागदावर इथेच वाद मिटायला हवा होता.

तो मिटला नाही याचं कारण ती फट. ठोकळा उघडायचा-मिटायचा तर त्याच्यात आणि नळीत थोडी मोकळी जागा लागतेच. नव्या बंदुकीत ती अगदी कमी असते. पण दारूचा गॅस हजारो पौंडांच्या दाबाने तिथून फुसकन बाहेर निघतो आणि जाता जाता लोखंड खातो. प्रेशर कुकरची रबरी रिंग काढून डाळ शिजवायला ठेवावी, तशी ही गत. झाकण कितीही नेटकं असो, वाफ कडेने निघणारच. गॅस निघाला की गोळीमागचा जोर कमी होतो, भेदक शक्ती घटते. काही गॅस खाली शिरून दस्त्याचं लाकूड तडकवतो. वर निघालेला गॅस आणि ठिणग्या थेट सैनिकाच्या तोंडासमोर. भरीला जुनी काळी दारू, तिची राख सांध्यात बसते आणि पाचपंचवीस बारांनंतर ठोकळा जड जायला लागतो.

हॉलला हे कळत होतं. त्याचा उपाय कारागिराचा होता: फट इतकी बारीक ठेवायची की तोटा सोसता येईल. आणि हजारो बंदुकांत फट सारखी बारीक ठेवायची तर प्रत्येक भाग मापात सारखाच हवा. इथून त्याने जे केलं ते माझ्या मते रायफलीपेक्षाही मोठं आहे.

त्या काळात बंदूक म्हणजे एकेकट्या कारागिराचं काम. प्रत्येक भाग कानशीने घासून शेजारच्या भागाला जुळवायचा. एका बंदुकीचा घोडा दुसरीला बसेलच असं नाही. हॉलने शेननडोआच्या काठावरच्या बेटावर आपला वेगळा रायफल कारखाना उभा केला आणि पाण्याच्या जोरावर चालणारी यंत्रं बांधली: ठशात लोखंड ठोकणारे घण, सरळ कापणारी आणि वळणावर कापणारी यंत्रं. ती यंत्रं पुष्कळदा पोरंसोरं चालवत. डिसेंबर १८२२ मध्ये त्याने युद्धमंत्री कॅलहून यांना कळवलं, की साध्या मजुरांच्या हातून, काटकसरीत, हुबेहूब सारखी शस्त्रं करण्याची पद्धत मला साधली आहे. अतिशयोक्ती वाटेल, पण तो करत असलेली एक गोष्ट बघा. प्रत्येक भागावर तो एक आधारबिंदू ठरवी आणि सगळी मापं त्याच एका जागेपासून घेई. एका खाचेपासून दुसरी, दुसरीपासून तिसरी, असं मोजत गेलं की चुका साठत जातात. एकाच जागेवरून मोजलं की त्या साठत नाहीत. आज कोणत्याही ड्रॉइंगवर पहिल्यांदा डेटम शोधायला आम्ही पोरांना शिकवतो ते हेच. त्याच्याकडे गेजही एकच संच नव्हता. कामावरचे वेगळे, तपासणीचे वेगळे, आणि झिजलेले ओळखायला मूळ संच कुलपात. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस उद्या आमच्या खात्यात येऊन बसला तर त्याला दोन दिवसांत सगळं कळेल.

१८२६ मध्ये सरकारने तीन माणसांची समिती पाठवली. त्यांनी शंभर रायफली खोलून भाग एकमेकांत मिसळले आणि नव्या दस्त्यांवर पुन्हा जोडायला लावले. भाग बसले. समितीने लिहून दिलं की असं काम आम्ही कुठेही पाहिलं नाही. पण खरी परीक्षा अजून पुढे होती. १८२८ मध्ये कनेक्टिकटमधल्या मिडलटाउनच्या सिमिऑन नॉर्थ याला ५,००० हॉल रायफलींचा करार मिळाला, अट ही की त्याचे भाग हार्पर्स फेरीच्या रायफलीत बसले पाहिजेत. शेकडो मैलांवरचे दोन कारखाने, मध्ये दुवा फक्त गेजांचा. १८३४ पर्यंत तेही साधलं. अमेरिकी शोधक एली व्हिटनीचं नाव यासाठी घेतलं जातं, पण त्याचं प्रात्यक्षिक बरंचसं देखाव्याचं होतं. भाग खरोखर अदलाबदल करून दाखवले ते हॉल आणि नॉर्थ यांनी.

हॉलचे दिवस मात्र सुखाचे गेले नाहीत. हार्पर्स फेरीचा अधीक्षक स्टबलफील्ड त्याच्या विरोधात होता, जुने कारागीर यंत्रांवर चिडून होते, आणि वॉशिंग्टनला खर्चाची बोंब होती. १८४० मध्ये तब्येत ढासळल्यावर तो मिसूरीत गेला आणि १८४१ मध्ये तिथेच वारला. (त्याचा एक मुलगा पुढे मिसूरीचा गव्हर्नर झाला.) हार्पर्स फेरीत चकमकीच्या हॉल रायफली सुमारे १९,७०० बनल्या, नॉर्थने साडेपाच हजारांवर बनवल्या. नॉर्थच्या १८३३ च्या हॉल कार्बाइनला (कार्बाइन म्हणजे आखूड नळीची बंदूक) आणखी एक मान आहे. चकमक सोडून टोपीवर (घोड्याचा ठोका बसताच पेटणाऱ्या मसाल्याची धातूची छोटी टोपी) उडणारं, अमेरिकी सैन्याने स्वीकारलेलं हे पहिलं हत्यार. ते त्या वर्षी उभ्या केलेल्या ड्रॅगून घोडदळासाठी होतं. घोड्यावर बसून गज चालवणं म्हणजे कसरत, त्यामुळे मागून भरण्याची किंमत घोडेस्वाराला आधी कळली. मेक्सिकोच्या युद्धात काही ड्रॅगून सैनिक हॉल कार्बाइनचा ठोकळा काढून खिशात ठेवत आणि दारूच्या गुत्त्यात पिस्तुलासारखा वापरत. ठोकळ्यावर चाप-घोडा सगळं असल्यामुळे ते जमत असे. असा उपयोग हॉलच्या स्वप्नातही आला नसेल.

१८४४ च्या सुमारास रायफलीचं उत्पादन थांबलं आणि सैन्य पुन्हा ठासणीच्या रायफलीकडे वळलं. हे मागे जाणं वाटतं, पण लवकरच त्याला एक भक्कम कारण मिळालं. फ्रेंच अधिकारी क्लोद मिनिये याची १८४९ ची गोळी. लांबट, मागे पोकळ. सैल असल्यामुळे ती झटकन खाली उतरते, बार उडाला की गॅसच्या दाबाने तिचा घेर फुलतो आणि ती खाचा पकडते. हार्पर्स फेरीच्या जेम्स बर्टनने ती आणखी सोपी केली. स्प्रिंगफिल्ड या दुसऱ्या सरकारी कारखान्याची १८५५ ची रायफल-मस्केट, म्हणजे खाचा पाडलेली ठासणीची बंदूक, या गोळीवर बेतलेली आहे. म्हणजे रायफलीचा नेम आणि मस्केटचा वेग, दोन्ही ठासणीच्या बंदुकीत मिळायला लागलं. गॅसने स्वतःच फट बुजवायची, ही कल्पना मिनियेने गोळीत आणली. तीच कल्पना काडतुसात यायला पुढची काही वर्षं गेली, आणि तोवर मागून भरणाऱ्या बंदुकीकडे त्या फटीवर उत्तर नव्हतं.

प्रयत्न मात्र जोरात चालू होते. ख्रिश्चन शार्प्स हा हॉलच्याच हाताखाली हार्पर्स फेरीला काम शिकलेला. १८४८ मध्ये त्याने पेटंट घेतलं. चापाखालची कमान पुढे ढकलली की आडवा ठोकळा सरळ खाली उतरतो, कागदी किंवा तागाचं काडतूस आत सारायचं, कमान मागे घेतली की ठोकळ्याची धारदार कड वर येताना काडतुसाचं शेपूट कापते आणि दारू उघडी पडते. अतिशय मजबूत यंत्रणा. गॅस इथेही निघायचा. १८५९ च्या नमुन्यापर्यंत ठोकळ्यात गॅस अडवणारी कडी बसवून तो बराच आवरला, पण पुरता नाही. तरीही माझ्या मते गृहयुद्धाआधीच्या सगळ्या बंदुकांत शार्प्स हीच खरी सैनिकाची बंदूक.

नियतीचा एक खेळ इथेच सांगायला हवा. ऑक्टोबर १८५९ मध्ये गुलामगिरीविरोधी बंडखोर जॉन ब्राउन याने हार्पर्स फेरीच्या कारखान्यावर छापा घातला. त्याने जमवलेल्या शस्त्रांत १९८ शार्प्स कार्बाइन होत्या. त्याचा साथीदार जॉन कागी काही माणसांसह हॉलचा रायफल कारखाना ताब्यात घेऊन बसला, आणि हल्ला झाल्यावर शेननडोआ नदी ओलांडताना मारला गेला. गुरूच्या कारखान्यावर शिष्याची बंदूक चालून आली. पुढे १८६१ च्या एप्रिलमध्ये सरकारी सैन्यानेच माघार घेताना हार्पर्स फेरी जाळली; वाचलेली यंत्रं दक्षिणेच्या लोकांनी नेली, त्यातली रायफलीची यंत्रं नॉर्थ कॅरोलायनातल्या फेएटव्हिलला गेली.

आता काडतुसाकडे. १८५० च्या दशकात हुशार लोकांना उमगलं की फट बंदुकीत बुजवता येत नसेल तर काडतुसानेच बुजवावी. ॲम्ब्रोज बर्नसाइडने, हाच पुढे सेनापती झाला, पितळेचं शंकूच्या आकाराचं काडतूस केलं. त्याचा फुगीर कडा सांध्यावरच येऊन बसायचा. गिल्बर्ट स्मिथने रबरी काडतूस केलं. एडवर्ड मेनार्ड तर व्यवसायाने दंतवैद्य; त्याचं पितळी काडतूस पुन्हा पुन्हा भरता येई. पण या तिघांतही एक कमतरता सारखीच: काडतुसाच्या बुडाला नुसतं भोक, आणि आग बाहेरच्या टोपीतून यायची. म्हणजे पुढचा सांधा बुजला, मागे बारीक छिद्र राहिलं, आणि सैनिकाला दोन गोष्टी सांभाळाव्या लागल्या, काडतूस आणि टोपी. थंडीत बधिर बोटांनी टोपी बसवून बघा म्हणजे कळेल.

यांच्याही पुढे गेलेला एक माणूस होता, आणि त्याला इतिहासाने फार कमी जागा दिली आहे. लुइझियानाचा जॉर्ज मॉर्स. त्याच्या काडतुसाला बुडातच मध्यभागी टोपी होती, म्हणजे आज वापरतो त्याच तत्त्वाचं काडतूस, तेही १८५० च्या दशकात. सरकारने २,००० जुन्या मस्केट त्याच्या पद्धतीने बदलायचं ठरवलं. स्प्रिंगफिल्डला काम सुरू झालं, पन्नास-साठ बंदुका झाल्या आणि पैसे संपले. यंत्रसामग्री हार्पर्स फेरीला गेली, तिथून युद्धात दक्षिणेकडे. सॅम्टर किल्ल्यावर पहिला तोफगोळा पडून गृहयुद्ध सुरू होण्याआधीच खरं उत्तर सरकारी कारखान्यातल्या बाकावर पडून होतं. माझ्या दृष्टीने या सगळ्या कहाणीतली चुकलेली संधी ही आहे, हॉलची रायफल नव्हे.

युद्ध सुरू झालं तेव्हा ऑर्डनन्स खात्याचा प्रमुख होता जेम्स रिप्ली. त्याला खलनायक करण्याची फॅशन आहे. तो हट्टी होता, नव्या बंदुकांना त्याने अडवलं, हे खरं. पण त्याच्या खुर्चीत बसून बघा. लाखो माणसांना महिन्याभरात हत्यार द्यायचं आहे. कारखान्यांत तयार असलेली एक वस्तू आहे, स्प्रिंगफिल्डची रायफल-मस्केट, एकाच मापाची, एकाच गोळीची. समोर दीड डझन शोधकर्ते, प्रत्येकाची बंदूक वेगळी, काडतूस वेगळं, कारखाना अर्धा बांधलेला. चुकीचं काडतूस चुकीच्या पलटणीला गेलं तर उत्तम रायफलसुद्धा काठी होते. स्टोअर सांभाळलेला कोणीही माणूस रिप्लीला निम्मे गुण देईल. उरलेले निम्मे मीही देत नाही, कारण १८६२ पर्यंत शार्प्सचा दर्जा सिद्ध झाला होता आणि तो नमुना तरी एकहाती वाढवता आला असता.

घाईत काय होतं त्याचा नमुना म्हणजे हॉल कार्बाइनचं प्रकरण. १८६१ च्या उन्हाळ्यात खात्याने जुन्या ५,००० हॉल कार्बाइन आर्थर ईस्टमन याला नगाला साडेतीन डॉलरने विकल्या. त्याने त्या सायमन स्टीव्हन्सला साडेबारा डॉलरने देऊ केल्या. स्टीव्हन्सने सेंट लुइसला हत्यारांसाठी कासावीस झालेल्या जनरल फ्रेमाँटला त्या २२ डॉलरने विकल्या, मध्ये नळीत खाचा पाडून घेतल्या, खर्च नगाला डॉलरहून कमी. पैसा पुरवणारा तरुण सावकार म्हणजे जे. पी. मॉर्गन. सरकारने स्वतःच्याच बंदुका सहापटीने परत घेतल्या. संसदेची चौकशी झाली, कोर्टबाजी झाली.

दरम्यान हायरम बर्डनच्या नेमबाज पलटणींनी भांडून १८६२ मध्ये २,००० शार्प्स रायफली मिळवल्या. जुलै १८६३ मधल्या गेटिसबर्गच्या लढाईत दुसऱ्या दिवशी पिट्झरच्या रानात त्यातल्या शंभरेक नेमबाजांनी मेनच्या एका पलटणीसोबत अलाबामाच्या सैन्याला थोपवून धरलं. पहिल्या दिवशी उत्तरेच्या जनरल ब्यूफर्डच्या घोडदळाने वेळ काढला तो एका भरणीत सात बार काढणाऱ्या स्पेन्सर बंदुकीमुळे, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं आढळतं. ते चूक आहे. ब्यूफर्डकडे एकेका बाराच्या मागून भरायच्या कार्बाइन होत्या, शार्प्स आणि इतर. आडोशाला झोपून भरता येतं, एवढ्यानेच फरक पडला.

लढाईनंतर त्या मैदानावरून २७,००० हून अधिक बंदुका गोळा झाल्या. अहवालाप्रमाणे त्यातल्या २४,००० च्या आसपास भरलेल्याच होत्या, निम्म्यांत दोन-दोन बार ठासलेले, आणि काही हजारांत तीनपासून दहापर्यंत. गोंधळात पहिला बार उडाला नाही हे सैनिकाला कळलंच नव्हतं, तो आपला ठासत राहिला. मागून भरायच्या बंदुकीत हे होऊच शकत नाही. अधिकाऱ्यांचं मत फिरवायला कुठल्याही चाचणीपेक्षा हा ढीग जास्त उपयोगी पडला. आणि दक्षिणेच्या सैन्याने पकडलेल्या स्पेन्सर बंदुका? तांब्याची काडतुसं करता येत नव्हती म्हणून त्या बहुतेक निरुपयोगी ठरल्या. बंदूक हातात, पण काडतूस नाही.

युद्ध संपलं, गोदामात लाखो रायफल-मस्केट उरल्या. तेव्हा स्प्रिंगफिल्डचा मुख्य कारागीर अर्स्किन ॲलिन याने काटकसरीचा तोडगा काढला. नळीचा मागचा वरचा भाग कापायचा आणि तिथे पुढच्या बाजूला बिजागरी असलेलं झाकण बसवायचं. झाकण वर उचला, धातूचं काडतूस सारा, मिटा. यालाच सैनिक ट्रॅपडोअर म्हणू लागले. १८६५ च्या पहिल्या नमुन्याची काडतूस ओढायची यंत्रणा नाजूक होती. १८६६ मध्ये ती सोपी केली आणि नळीत आतून दुसरी नळी बसवून माप अर्ध्या इंचावर आणलं. अशा ५०,००० हून अधिक बंदुका बदलल्या. हॉलचा ठोकळा आणि ॲलिनचं झाकण शेजारी ठेवून बघितलं तर ॲलिनचा सांधा काही फार बारीक नाही. गरजच नव्हती. काडतुसाची तांब्याची भिंत बार उडताना फुगून स्वतःच सांधा बंद करत होती.

परिणाम लगेच दिसला. २१ डिसेंबर १८६६ ला वायोमिंगमधल्या फिल कर्नी किल्ल्याजवळ कॅप्टन फेटरमनसह ८१ जण लाकोटा, शायान आणि अरापाहो या मूळ रहिवासी जमातींच्या योद्ध्यांनी मारले. पायदळाच्या हातात ठासणीच्या बंदुका होत्या. २ ऑगस्ट १८६७ ला त्याच भागात गाड्यांच्या खोक्यांच्या आडोशाला अडकलेल्या ३२ जणांकडे नुकत्याच आलेल्या ट्रॅपडोअर होत्या. पहिला बार झाल्यावर भरण्याचा अवधी मिळेल, या अंदाजाने योद्धे पुढे आले. अवधी मिळालाच नाही आणि मदत येईपर्यंत आडोसा टिकला. ज्यांच्या भूमीसाठी हे सगळं चाललं होतं त्यांनीही धडा घेतला, आणि पुढच्या काही वर्षांत हाती लागतील त्या मागून भरायच्या बंदुका मिळवल्या.

१८७२-७३ मध्ये जनरल टेरीच्या मंडळाने अनेक नमुने तपासून पुन्हा ट्रॅपडोअरच निवडली, आता ०.४५ इंचाच्या गोळीसह. रेमिंग्टनचा फिरता ठोकळा यांत्रिकदृष्ट्या सरस होता असं माझं मत आहे, पण ट्रॅपडोअर सरकारी कारखान्यात बसलेली होती. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नला याच जमातींशी लढताना घोडदळाचा अधिकारी कस्टर याचा पाडाव झाल्यावर काडतूस अडकल्याची ओरड झाली. तांब्याचं मऊ काडतूस तापलेल्या नळीत चिकटतं आणि ओढताना कड फाटते, हे खरंच. पण १९८४ मध्ये मैदानाचं उत्खनन झालं तेव्हा मिळालेल्या पुंगळ्यांत सुरीने खरवडून काढल्याच्या खुणा फारच थोड्यांवर सापडल्या. बंदुकीने कस्टरला दगा दिला नाही. पुढे काडतुसं पितळेची झाली.

आपल्याकडे याचा धागा आहे, आणि तो सरळ आहे. ब्रिटिशांनी आपल्या ठासणीच्या एन्फील्ड बदलायला जी रचना घेतली ती फिलाडेल्फियाच्या जेकब स्नायडरची. त्यानंतरची मार्टिनी-हेन्री बॉस्टनच्या हेन्री पीबडीच्या रचनेवरून निघालेली. १८५७ नंतर हिंदी पलटणींना एक पायरी जुनं हत्यार द्यायचं धोरण होतं. त्यामुळे २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदला गोऱ्या पलटणीच्या हातात मार्टिनी होत्या, आणि तिच्या शेजारी लढणाऱ्या मुंबई लष्कराच्या ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स या पलटणींच्या हातात स्नायडर.

कधी स्प्रिंगफिल्डच्या शस्त्रागार संग्रहालयात किंवा हार्पर्स फेरीला जाणं झालं, तर हॉल रायफल अशी बघा. ठोकळ्याच्या माथ्यावर हॉलचं नाव, हार्पर्स फेरी आणि साल ठोकलेलं दिसेल. नॉर्थची असेल तर त्याचं नाव आणि मिडलटाउन. माशी डावीकडे सरकलेली आहे का बघा. मग खाली वाका आणि ठोकळ्याच्या पुढच्या कडेखालचं लाकूड न्याहाळा; तिथे तडा किंवा काळवंडलेला डाग असेल तर ती बंदूक खरोखर वापरलेली आहे. पहारेकऱ्याने परवानगी दिली तर मागून टॉर्च धरा आणि सांध्यातून उजेड आरपार येतो का ते पाहा.